लेहरा धरणारं यंत्र

राइट टाउनमधल्या एका घराच्या वरच्या खोलीत एक बँड आपला पहिला अल्बम ध्वनिमुद्रित करतो आहे. चौघे जण, सगळे जबलपूरचे. खिडकीला गाद्या टेकवल्या आहेत, पंखा बंद, आणि मला कोपऱ्यात बसायची परवानगी मिळाली ती टेक चालू असताना जराही हलायचं नाही या अटीवर.

टेबलावर तालाचं एक छोटं यंत्र आहे. त्यावर ओळीने सोळा बटणं. ठोका जिथे हवा ते बटण दाबायचं. दिवा सोळाही घरांतून धावतो आणि पुन्हा पहिल्यावर येतो. तीनतालाच्या सोळा मात्रा ज्याने हातावर मोजल्या आहेत, त्याला हे आवर्तन परकं वाटत नाही. सोलो वाजवणाऱ्या तबलजीला सारंगी किंवा पेटी लेहरा धरते, तेच काम इथे यंत्र करतं. पण पेटीवाला तबलजीच्या चेहऱ्याकडे बघत असतो, त्याचा तुकडा कुठे चाललाय ते ओळखून तयार राहतो. यंत्राकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही. मिनिटाला 96 ठोक्यांची लय लावली, की बटणाबटणातलं अंतर 156 मिलिसेकंद, आणि ते तसंच राहतं.

ड्रम वाजवणारा मुलगा मात्र स्नेअरवर किंचित मागे पडतो, दहापंधरा मिलिसेकंद. मोजायला गेलं तर काहीच नाही, पण त्यामुळे गाणं रेलून चालतं. संगणकासमोर बसलेल्या मित्राला ते पडद्यावर दिसतं, आणि एका आज्ञेत सगळे ठोके रेघेवर आणता येतात. त्याने एकदा आणून दाखवले. खोलीतलं कुणीच काही बोललं नाही. त्याने स्वतःच ते परत होते तसे केले.

यंत्र आणि आपलं संगीत जोडण्याच्या या वाटेवर आधी कोण गेलं होतं, हे या मुलांना नीट ठाऊक आहे. 1982 साली एचएमव्हीने चरणजित सिंग यांची ‘टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही तबकडी काढली. मुंबईच्या सिनेसंगीतात वर्षानुवर्षं वाजवणाऱ्या या वादकाने रोलँडची तीन यंत्रं एकत्र जोडली: ठेक्याला टीआर-808, खर्जाला टीबी-303 आणि रागाला ज्युपिटर-8. यंत्रांची सामाईक भाषा, म्हणजे मिडी, 1983 मध्ये आली. त्याच्या आधीचं हे काम. तबकडी फारशी चालली नाही. 2010 मध्ये ती हॉलंडमधून पुन्हा निघाली, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की शिकागोच्या अ‍ॅसिड हाउसचा जो नाद 1987 मध्ये नवा म्हणून गाजला, तो मुंबईत आधीच वाजून गेला होता. तिथे ठेका सर्वस्वी यंत्राचा होता आणि हात फक्त रागावर. या चौघांना यंत्रही हवं आहे आणि ड्रमही, म्हणून त्यांचं काम वेगळ्या जागी अडतं.

मला सगळ्यांत आवडला तो त्यांचा स्नेअर. 808 मधला स्नेअर दोन घटकांचा बनतो: दोन छोटे सूर आणि वर पांढरा गोंगाट, सगळ्या कंपनसंख्या एकदम असलेला. तो गोंगाट यांनी धुआँधार धबधब्यातून घेतला. ऐन पावसाळ्यात नर्मदा इतकी चढते की धबधबाच पाण्याखाली जातो, त्यामुळे पाणी उतरल्यावर आम्ही भेडाघाटला गेलो, पर्यटक यायच्या आत. मायक्रोफोनला वाऱ्यासाठी केसाळ टोपी, ध्वनिमुद्रण यंत्राला प्लास्टिकची पिशवी. तुषारांनी दोन्ही चिंब. कठड्याशी नुसती गर्जना मिळाली. मागे खडकाच्या आडोशाला सरकल्यावर तिच्याखालची घरघर वेगळी ऐकू आली आणि दोन्ही घेतल्या.

घरी येऊन त्यातला 150 मिलिसेकंदांचा तुकडा कापला, खालचा भाग गाळला, सुरुवात टोकदार केली, शेपूट झटकन उतरवलं. एकटा ऐकला तर पातळ. खऱ्या स्नेअरच्या खाली घातला तेव्हा भरला. ऐकणाऱ्याला नर्मदा ओळखू येणार नाही, आणि मला ते योग्यच वाटतं. गावाचं नाव मिरवायला तो आवाज घेतलेला नाही. फक्त एका गाण्यात ते शेपूट हळूहळू लांबवत नेतात, ठोके एकमेकांत मिसळतात, आणि शेवटी समोर अख्खा धबधबा उभा राहतो.

गाणारी मुलगी ख्याल शिकलेली. तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्याचा. सिंथचा गंधार त्याहून 14 सेंट चढा. दोन्ही एकत्र आले की कानाला बोचायचं. तिने सूर बदलायला साफ नकार दिला, आणि सिंथचा गंधार उतरवला गेला. माझ्या मते या अल्बममधला हा सर्वांत चांगला निर्णय.

अजून सुटलेलं नाही ते झपतालाचं गाणं. यंत्र दहा घरांत फिरतं, ड्रम सोळा घरांत, आणि दोघांची सम ऐंशी घरांनी जुळते, म्हणजे साडेबारा सेकंदांनी. ड्रमवाला तिथे दर वेळी किंचित आधी पोहोचतो. संगणकवाला म्हणतो, एवढी एक जागा तरी सरळ करू. ड्रमवाला म्हणतो, समेवर धाव घेणारच ना माणूस. मी ड्रमवाल्याच्या बाजूने बोललो. दोन्ही फायली ठेवल्या आहेत. गायन झालं की चौघे पुन्हा ऐकणार आहेत.