दारावरचा माणूस आणि त्याच्या हातातली काठी

पुणे-बंगळूर महामार्गाने कोल्हापूरकडे जाताना कराड कुठे संपले आणि मलकापूर कुठे लागले, हे नवख्याला कळत नाही. ढेबेवाडी फाट्याची गर्दी, पलीकडे आगाशिवाचा डोंगर आणि रस्त्याच्या कडेने दवाखान्यांच्या, कॉलेजांच्या, शोरूमच्या पाट्या. चोवीस तास पाणी देणारे गाव म्हणून मलकापूरचे नाव राज्यभर झाले. या गावात आणखी एक गोष्ट चोवीस तास चालू असते, ती म्हणजे दारावरची राखण. बँक असो, मंगल कार्यालय असो की रुग्णालय, दाराशी गणवेशातला एक माणूस उभा असतोच. त्याला कोणी 'सिक्युरिटी' म्हणते, कोणी 'वॉचमन', तर कोणी नुसतेच 'ओ मामा'.

मध्यंतरी एका रात्री इथल्याच एका रुग्णालयाच्या दारात उभा होतो. मोटारसायकल घसरून जखमी झालेल्या एका पोराला जीपमधून आणले. मागोमाग आणखी दोन गाड्या आणि बारा-पंधरा माणसे; बोलण्यावरून शिराळ्याकडची. पोराला आत नेले आणि सगळा जथा दाराशी थडकला. सर्वांत पुढे विशीतला एक तरणा, आवाज चढलेला. "माझा भाऊ हाय आत. तू कोण अडवणार?"

दारावर पन्नाशीचा एकटा रक्षक. हातातली काठी त्याने भिंतीला टेकवली. दोन पावले मागे सरला, दाराच्या मधोमध न थांबता जरा बाजूला झाला, आणि तरण्याशी वाद न घालता मागच्या फेटेवाल्या म्हाताऱ्याला म्हणाला, "आबा, कुठनं आलायसा?" म्हाताऱ्याने गाव सांगितले. "बरं. केसपेपर काढायला एक माणूस लागंल. अन् रक्ताचं बघायला दोघं." मग तरण्याकडे वळून, "दादा, तू सख्खा भाऊ न्हवं? मग तूच चल आत, आईला घिऊन. डाक्टर काय म्हणत्यात ते भायेर यिऊन ह्यास्नी सांग."

झाले. पंधरा माणसांचा घोळका पाच मिनिटांत पांगला. कोणी खिडकीशी गेले, कोणी बाकावर टेकले, कोणी तंबाखू मळत कोपऱ्यात उभे राहिले.

हे पाहताना सोपे वाटते. पण त्यातली मेख बघा. त्या तरण्याला खरे तर रक्षकाशी भांडायचे नव्हते. आत काय चालले आहे हे कळत नव्हते, म्हणून तो पेटला होता. शिवाय मागे सगळी भावकी उभी. अशा वेळी माघार घेणे म्हणजे चार माणसांत अपमान. आपल्याकडे निम्मी भांडणे ह्या चार माणसांपायीच वाढतात! रक्षकाने त्याला मान राखून पाय मागे घेण्याची वाट दिली, हातात काम दिले, आणि माहिती मिळण्याची सोय केली. काठी उगारली असती तर त्या पोरापुढे एकच मार्ग उरला असता.

जुन्या गावगाड्यात राखणीचे काम रामोशांकडे असे. चोरी झाली की त्यांनी माग काढायचा. माग शेजारच्या शिवेत गेला की जबाबदारी त्या गावाची, न गेला तर भरपाई राखणदाराच्या माथी. त्या राखणीचे बळ केवळ हत्यारात नव्हते. पंचक्रोशीतला माणूस न् माणूस त्याला ठाऊक असे. आजच्या दारावरच्या माणसाला समोरचा कोण, हे माहीत नसते. "आबा, कुठनं आलायसा?" हा प्रश्न म्हणजे अर्ध्या मिनिटात ओळख जोडण्याची खटपट असते.

आता कायद्याकडे वळू, कारण गणवेशाबद्दलचा मोठा गैरसमज तिथे दडला आहे. लोकांना वाटते, आणि कित्येक रक्षकांनाही वाटते, की गणवेश चढला की थोडेबहुत पोलिसाचे अधिकार आले. तसे काहीही नाही. खाजगी सुरक्षा रक्षकाला तुमच्या-माझ्यापेक्षा तसूभरही जास्त अधिकार नसतो. उलट २००५ च्या खाजगी सुरक्षा संस्थांच्या केंद्रीय कायद्याने पोलिसांसारखा किंवा सैन्यासारखा दिसणारा गणवेश घालणे हाच गुन्हा ठरवला आहे. त्यात रक्षकाबरोबर संस्थेचा मालकही सापडतो.

स्वसंरक्षणाचा हक्क मात्र सर्वांना आहे, तसा त्यालाही. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. त्यातले ३७ वे कलम दर रक्षकाच्या केबिनमध्ये चिकटवावे असे. बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जाण्याइतकी सवड असेल तर हा हक्क वापरायचाच नाही. म्हणजे अंगावर आलेल्याला ढकलून दूर केले तर तो बचाव. तोच माणूस पाठ फिरवून चालू लागल्यावर मागून हाणली, तर ती मारहाण. दोन्हींत अंतर दोन-तीन सेकंदांचे. पण या दोन-तीन सेकंदांत रक्षकाचा आरोपी होतो. अटकेचेही तसेच. आपल्या देखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला, तर कोणाही नागरिकाला गुन्हेगाराला धरता येते. पण विनाकारण वेळ न दवडता, आणि कोणत्याही परिस्थितीत ६ तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. संशयावरून कोणाला खोलीत कोंडून 'समज' देणे हे रक्षकालाच तुरुंगाच्या दाराशी नेणारे.

धरतानाही धोका असतो. खाली पाडून पाठीवर वा मानेवर गुडघा रोवला की माणसाला श्वास घेता येत नाही. २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेत मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड असाच गेला. तिथे मानेवर गुडघा होता प्रशिक्षित पोलिसाचा, आणि तो नऊ मिनिटांहून अधिक काळ होता. आपल्या दारावरच्या माणसाने काय करावे?

सातारा-सांगली हा फौजेचा मुलूख. पेन्शनवर आलेला जवान गेटवर उभा राहतो आणि मालक निर्धास्त होतो. शिस्त, पहारा, नोंदी यांत त्याला तोड नाही. पण सीमेवर समोरचा शत्रू असतो. इथे समोर घाबरलेला भाऊ, दारू प्यालेला गिऱ्हाईक नाहीतर बिल न परवडणारा बाप असतो. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत नव्या रक्षकाला १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष शिक्षण सांगितले होते. माजी सैनिकाला मात्र त्यांत ४० आणि १६ तास पुरत होते. माझ्या मते बोलण्याचा भाग त्यालाही पूर्ण शिकवला पाहिजे. आवाज खाली कसा ठेवावा, हाताभराचे अंतर का राखावे, दोघे एकदम का बोलू नयेत, दुसऱ्याला कधी बोलवावे, हे कवायतीसारखे घोटून घेण्याचेच विषय आहेत.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला नातेवाईकांनी बेदम मारले, राज्यभरचे निवासी डॉक्टर काम सोडून बसले, आणि सरकारने रुग्णालयांसाठी १,१०० सुरक्षारक्षकांची ग्वाही दिली. २०१० पासून आपल्याकडे वैद्यकीय सेवेतील माणसांवरील हल्ल्यांसाठी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंडाचा कायदा होताच. रक्षक हवेत, यात वाद नाही. पण मोजणी नेहमी डोक्यांची होते. आत काय चालले आहे हे बाहेरच्यांना सांगणाऱ्या माणसाची कोणी नेमणूक करत नाही. ते कामही शेवटी दारावरच्याच गळ्यात पडते.

आणि तो स्वतः कोणत्या हालात उभा असतो? अनेक ठिकाणी बारा तासांची पाळी, बसायला स्टूल नाही, पगार ठेकेदाराच्या हाती. सोडले तर साहेब ओरडणार, अडवले तर लोक अंगावर येणार. महाराष्ट्रात १९८१ पासून सुरक्षा रक्षकांसाठी कल्याणाचा वेगळा कायदा आणि मंडळे आहेत, तरी मंडळाबाहेरचे रक्षक रोज दिसतात. दहाव्या तासाला पाय भरून आलेल्या माणसाकडून संयमाची अपेक्षा करायची, तर आधी त्याला अर्धा तास बसू द्यावे लागेल.

त्या रात्री गर्दी पांगल्यावर तो रक्षक केबिनमध्ये जाऊन वहीत काहीतरी लिहीत होता. काय लिहिले, म्हणून विचारले. त्याने वही माझ्याकडे वळवली. वेळ, गाड्यांचे नंबर, आणि पुढे एवढेच: 'नातेवाईक १५. दोघे आत सोडले. तक्रार नाही.'

"काठी भिंतीशी का ठेवलीत?" मी विचारले.

"हातात असली की हाताला आठवती, सायेब," तो म्हणाला, आणि पुढची जीप आत येताना दिसली तसा उठला.