गाडीच्या दाराच्या बिजागऱ्या व झिजलेल्या पिना

वसई पट्ट्यातील केळी, फुले व पालेभाजी पहाटेच्या अंधारात बोरिवली, अंधेरी व दादरच्या बाजारांकडे निघते. गोराई-मनोरीकडील माल उत्तन-भाईंदरच्या रस्त्याने फेरा घेऊन उपनगरात येतो. १९४९ साली स्थापन झालेल्या आरे दुग्ध वसाहतीतील गोठ्यांना हिरव्या वैरणीचे भारे लागतात. ही वाहतूक आज मुख्यतः लहान पिकअप व टेंपो यांवर अवलंबून आहे. शेतकरी गाडीच्या इंजिनाची व टायरांची काळजी वाहतो. दाराकडे मात्र ते लटकू लागेपर्यंत त्याचे लक्ष जात नाही. मग तो ते जोराने आपटून लावतो, किंवा सुतळीने बांधून टाकतो. हे दोन्ही उपाय घातक आहेत.

सामूहिक विकास योजना २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाली, त्या काळातील जीपना बहुधा पोलादी दारे नसत; पावसाळ्यात कॅनव्हासचे पडदे लावले की काम भागे. आजच्या गाडीचे दार काच व आतील यंत्रणा धरून वीस ते तीस किलो वजनाचे असते आणि हा सारा भार दोन बिजागऱ्यांवर, म्हणजे बोटाहून बारीक अशा दोन पिनांवर लोंबकळत असतो. बिजागरीचे एक पान गाडीच्या खांबाला व दुसरे दाराला जोडलेले असते. दोहोंमधून पिन जाते आणि पिनेभोवती पितळेचे वा तत्सम धातूचे बुश असते. बैलगाडीच्या आसाला वंगण न देता गाडी जुंपणारा शेतकरी विरळाच. पण दाराची पिन हाही एक आसच आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

चालकाच्या बाजूचे दार सर्वांत आधी झिजते. माल पोचवताना ते दिवसातून तीस-चाळीस वेळा उघडावे लागते, व गाडीत चढताना बहुतेक चालक दारालाच धरून अंग वर ओढतात. त्यात मुलुंड-भांडुपकडील मिठागरे आणि पश्चिमेकडील खाड्या यांवरून येणारी खारी हवा गंज वाढवते. गंजाची पूड, रस्त्याची धूळ व जुने तेल यांचा लगदा झाला म्हणजे तो सहाणेसारखे काम करतो. वरच्या बिजागरीवर दाराची ओढ बाहेरच्या बाजूस व खालच्या बिजागरीवर दाब आतल्या बाजूस पडत असल्यामुळे पिना एकाच अंगाने खातात.

झीज अल्प दिसते, परंतु तिचा परिणाम अल्प नसतो. दोन बिजागऱ्यांमधील अंतर ४० सेंटिमीटर व दाराची लांबी १ मीटर धरा. दोन्ही पिनांच्या जागी प्रत्येकी १ मिलिमीटर झीज झाली, तर दाराचे कुलपाकडील टोक सुमारे ५ मिलिमीटर खाली येते. कुलपाचा अडसर दोन टप्प्यांत बसतो. दार खाली आले की तो बहुधा पहिल्याच टप्प्यावर अडकतो. दार लागल्यासारखे दिसते, पण पुरते लागलेले नसते. घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या वळणावर किंवा खड्ड्यात ते उघडले, तर शेजारी बसलेले मूल बाहेर फेकले जाण्यास क्षणही पुरेसा आहे. आणि सुतळीने बांधलेले दार अपघाताच्या वेळी आतून उघडत नाही.

परीक्षा सोपी आहे. दार अर्धे उघडून त्याचे टोक दोन्ही हातांनी वर-खाली हलवावे व सोबत्याने बिजागरीकडे पाहावे. पान पिनेभोवती डुलत असेल तर पिन व बुश झिजले आहेत. संपूर्ण बिजागरीच खांबावर हलत असेल तर बोल्ट ढिले आहेत. ते आवळले की काम होते. बिजागरीभोवतीचा पत्राच वाकत असेल, तर तो गंजाने कुजला आहे, आणि तेथे नवी पिन घालून काडीचाही उपयोग नाही. आधी वेल्डिंगचे काम करून घ्यावे. खांबावरील खुंटीच्या, म्हणजे जिच्यावर अडसर बसतो त्या भागाच्या, वरच्या अंगास चकचकीत घासलेली खूण दिसली, तर दार उतरले आहे असे समजावे. पुष्कळ कारागीर ही खुंटीच खाली सरकवून देतात. त्याने दार चार महिने लागते, झीज मात्र चालूच राहते.

दुरुस्तीचा मुख्य नियम एकच : एका वेळी एकच पिन काढावी. दुसरी जागेवर असली म्हणजे दार फारसे हलत नाही. हा नियम मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी उतावळेपणाने मी एका गाडीच्या दोन्ही पिना एकापाठोपाठ ठोकून काढल्या. दाराखाली आधार नव्हता. दार घसरले, काच फुटली व मदतीस आलेल्या मजुराच्या पायावर दाराचा कोपरा पडला. पंधरा दिवस त्याला रोजगारावर जाता आले नाही. चूक माझी होती, भरपाई मात्र त्याच्या पायाने केली.

आदल्या संध्याकाळी पिनांवर गंज सैल करणारे तेल सोडून ठेवावे. काम सपाट जागी करावे व चाकांना दगड लावावेत. दारात विजेची तार जात असेल तर बॅटरीची ऋण बाजू सोडवावी. दार फार उघडू नये म्हणून असलेली पट्टी सोडवावी. नंतर दाराच्या टोकाजवळ जॅक ठेवून त्यावर फळी व जुने पोते घालावे आणि दाराचा भार नुसता तोलला जाईल इतकाच जॅक चढवावा. सोबत्याने दार उभे धरावे. डोळ्यांना चष्मा असावा, कारण पोलादावर हातोडा पडताना कपचा उडतात.

पिनेच्या डोक्यालगत बहुधा दातेरी भाग असतो व तो पानात घट्ट बसलेला असतो. म्हणून डोक्याच्या विरुद्ध बाजूने पंच लावून ठोकावे. पिन हटत नसेल तर अधिक तेल देऊन थांबावे. हातोडा वाढवू नये. तरीही न निघाल्यास दोन पानांमधील फटीतून करवतीच्या पात्याने ती कापून तुकडे बाहेर काढता येतात. काही गाड्यांत पिन बिजागरीतच कायमची दाबून बसवलेली असते. तेथे बोल्टभोवती खडूने खूण करून संपूर्ण बिजागरीच बदलावी.

नवे बुश हातोड्याने ठोकू नये, त्याने ते चपटे होते. लांब बोल्ट व वॉशर यांच्या साहाय्याने ते हळूहळू ओढून बसवावे. बुशाला कड असल्यास ती दोन पाने एकमेकांवर घासतात त्या बाजूस यावी. पिन बुशातून अंगठ्याच्या दाबाने सरकली पाहिजे, पण हलता कामा नये. पानाचे भोक लांबट झाले असल्यास ते गोल करून किंचित जाड पिन घालावी लागते.

कंपनीची पिन न मिळाल्यास साकीनाक्याच्या गाळ्यांतील एखादा लेथवाला ती करून देऊ शकतो. नमुना देताना पिन डोक्याजवळच्या न झिजलेल्या भागावर व्हर्नियरने मोजावी. झिजलेल्या जागेचे माप दिल्यास नवी पिनही जन्मतः सैल असते. साधा खिळा मऊ म्हणून, व आटे पाडलेला बोल्ट बुश कापतो म्हणून, दोन्ही वर्ज्य समजावेत.

दार संपूर्णच उतरवणे भाग असेल, तर दोन माणसे असल्याशिवाय हात घालू नये. प्रथम खालची व मग वरची पिन काढावी, आणि बसवताना आधी वरची बसवावी. काम झाल्यावर दार हलकेच लावून पाहावे. दोन्ही टप्प्यांचे दोन आवाज यावयास हवेत. खुंटी पूर्वी कोणी सरकवलेली असल्यास ती आता मूळ जागी आणावी, अन्यथा नव्या पिनांवर पहिल्या दिवसापासून ओढ बसेल.

पुढे महिन्यातून एकदा पिनांवर ग्रीस द्यावे. वापरून काळे झालेले इंजिनचे तेल देऊ नये. खाडीकाठी फिरणारी गाडी आठवड्याला गोड्या पाण्याने धुवावी व बिजागऱ्या कोरड्या करूनच ग्रीस लावावे. मागच्या फाळक्याच्या बिजागऱ्याही त्याच वेळी पाहाव्यात. वैरणीच्या गाड्यांत फाळका खाली पाडून त्यावर भारे लादतात, व तेथील पिना दाराच्या पिनांहून आधी वाकतात.