पडद्यावरचा डाग आणि आपला संशय

"ताई, हा घ्या फोन. मी आता हिशेबाला हात लावायची नाही," असं म्हणून आमच्या बचत गटाच्या खजिनदार वहिनींनी गटाचा मोबाईल माझ्यासमोर सतरंजीवर ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. महिन्याची बैठक होती. चहा तसाच निवत पडला.

झालं होतं असं. आमचा गट मसाले, पापड आणि कुरडया करतो. एसटी स्टँडजवळ आमचा छोटासा स्टॉल आहे. दोन वर्षांपूर्वी गटाच्या पैशांतून एक चांगल्यापैकी मोबाईल घेतला. दिवसभर तो स्टॉलवर असतो आणि रात्री खजिनदार वहिनींच्या घरी. गेल्या महिन्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, की फोनचा पडदा पांढरा असला की मधोमध पिवळट डाग दिसतो. पुसला तरी जाईना. मग काय, कुजबुज सुरू झाली. "पाण्यात पाडला असेल." "त्यांचा मुलगा रात्र रात्र गेम खेळतो म्हणे, त्यानंच पडदा जाळला." दुकानात दाखवला तर तो म्हणाला, डिस्प्ले गेला, सहा हजार लागतील, स्वस्तातला हवा असेल तर अठराशेत "अगदी तसाच" बसवून देतो. हे पैसे वहिनींनीच भरावेत, असं दोघीतिघींनी बोलून दाखवलं. सहा हजार म्हणजे आमच्यासारख्यांच्या घरातला महिन्याचा किराणा! आणि पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे विश्वास. वीस बायकांचा हिशेब जिच्या हातात, तिच्यावरच संशय.

मी म्हटलं, आठ दिवस थांबा. फोन घरी घेऊन आले. मी आर्ट्सची पदवीधर. मोबाईलच्या पोटात काय असतं, ते मला कुठलं कळायला! पण योगायोगाने माझी भाची सुट्टीला आली होती. ती पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिने फोनवर नुसत्या राखाडी रंगाचं एक चित्र उघडलं, उजेड वाढवला आणि हसायलाच लागली. "मावशी, डाग कसला? हा तर तुमचा क्यूआर कोड आहे!"

मी चष्मा लावून पाहिलं. खरंच की! तीन कोपऱ्यांत तीन चौकोन, मध्ये बारीक बारीक ठिपके. आमच्या स्टॉलवर गिऱ्हाईक पैसे भरायला जो कोड स्कॅन करतं, त्याची फिकी छाया पडद्यावर उमटलेली. गंमत म्हणजे ती उलटी होती. कोडमध्ये जे काळं असतं ते उजळ, आणि जे पांढरं असतं ते पिवळट.

"हे असं कसं झालं गं?" मी विचारलं. त्यावर तिने जे सांगितलं, ते मैत्रिणींनो, तुम्हालाही सांगावंसं वाटलं. कारण असा पडदा आता आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या हातात आहे.

या पडद्याला ओएलईडी म्हणतात. मोबाईलच्या खोक्यावर बहुधा अमोलेड असं छापलेलं असतं, तेही त्यातलंच. यातल्या 'ओ'चा अर्थ ऑरगॅनिक. मी लगेच म्हटलं, "म्हणजे सेंद्रिय? शेणखतावर पिकवलेला पडदा की काय?" तर तसं नाही. रसायनशास्त्रात ऑरगॅनिक म्हणजे कार्बनची संयुगं. आपल्या सेंद्रिय गुळाशी त्याचा संबंध नाही. या पडद्यात कार्बनच्या खास संयुगांचे अतिशय पातळ थर असतात आणि वीज दिली की ते स्वतःच उजळतात. किती पातळ? आपल्या केसाच्याही शेकडो पट पातळ.

आधीचे पडदे, म्हणजे एलसीडी, वेगळ्या तऱ्हेचे. एक मोठी खोली आहे, आत सतत दिवा जळतोय आणि भिंतीला लाखो बारीक झडपा आहेत, अशी कल्पना करा. जिथे उजेड हवा तिथली झडप उघडायची, जिथे काळं हवं तिथली मिटायची. पण झडप कितीही घट्ट मिटली तरी फटीतून थोडा उजेड झिरपतोच. म्हणून एलसीडीवरचा काळा रंग अंधारात राखाडी दिसतो. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो, तोही खरं तर एलसीडीच असतो. फक्त त्याच्या मागचा दिवा एलईडीचा असतो.

ओएलईडी म्हणजे देवळापुढची दीपमाळ. मागे मोठा दिवा नाहीच. प्रत्येक ठिपका म्हणजे एकेक पणती. पेटवली तर उजेड, विझवली तर अंधार. म्हणून यातला काळा रंग खराखुरा काळा असतो, कारण तिथे दिवाच बंद असतो. साध्या मोबाईलच्या पडद्यावरसुद्धा असे पंचवीस लाखांच्या आसपास ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या आणखी बारीक पणत्या. तिन्ही मिळून पेटल्या की आपल्याला पांढरं दिसतं.

भाचीने बोट पाण्यात बुडवून पडद्यावर अगदी बारीक थेंब सोडला. थेंबाचं भिंग झालं आणि पांढऱ्याशुभ्र पानावर लाल, हिरवे, निळे कण चमकायला लागले. मी तर लहान मुलीसारखी बघत बसले. (तुमच्या फोनच्या काचेला तडा असेल तर मात्र हा प्रयोग करू नका हं!)

आता पणती पेटते कशी? दोन विद्युतवाहक थरांच्या मध्ये हे कार्बनच्या संयुगांचे थर असतात. एका बाजूने विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, आत शिरतात. दुसऱ्या बाजूने 'रिकाम्या जागा' सरकत येतात. पंगतीत एखादा पाट रिकामा असावा आणि उभं राहून दमलेल्या पाहुण्याने त्यावर हुश्श करून बसावं, तसा इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागेत बसतो. बसताना त्याच्याजवळची जास्तीची शक्ती बाहेर पडते, ती उजेडाच्या रूपात. कोणता रंग निघणार, ते त्या संयुगावर ठरतं. एक वाहक थर पारदर्शक ठेवलेला असतो, त्यातून तो उजेड आपल्या डोळ्यांपर्यंत येतो.

हे जमवलं अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावी, ईस्टमन कोडॅक कंपनीत. हो, तीच कोडॅक! आपल्या लग्नाच्या फोटोंचे रोल जिचे असायचे ती. हाँगकाँगमध्ये जन्मलेले चिंग टँग आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी 1987 साली आपलं संशोधन जाहीर केलं. त्याआधीही अशा पदार्थांतून उजेड काढता येत होता, पण त्याला शेकडो व्होल्ट लागत. या दोघांनी एकाऐवजी दोन वेगवेगळे पातळ थर एकमेकांवर बसवले. इलेक्ट्रॉन एका थरातून आणि रिकाम्या जागा दुसऱ्यातून येऊन बरोबर मध्ये भेटायला लागल्या आणि दहा व्होल्टच्याही आत हिरवट उजेड पडला. पुढे 2007 साली सोनीने अकरा इंची ओएलईडी टीव्ही बाजारात आणला. त्याचा पडदा फक्त 3 मिलिमीटर जाड होता. कोडॅकने मात्र हा व्यवसाय 2009 साली एलजी समूहाला विकून टाकला. घरात लागलेला शोध, पण पीक दुसऱ्याच्या शेतात आलं म्हणायचं.

"हे सगळं खरं गं, पण आमच्या कोडचं काय?" मी मूळ मुद्द्यावर आले.

"मावशी, पणती जितकी जळेल तितकी झिजणार ना?" ती म्हणाली. "या पदार्थांचं तसंच आहे. जो ठिपका जास्त तास आणि जास्त प्रखर पेटतो, तो लवकर मंदावतो. सगळे ठिपके सारखे झिजले तर कळतही नाही. पण एकच चित्र महिनोन् महिने एकाच जागी ठेवलं, तर तिथलेच ठिपके म्हातारे होतात, शेजारचे तरुण राहतात. मग त्या चित्राचा ठसा उमटतो. याला बर्न-इन म्हणतात."

त्यातही सगळ्यांत आधी दमतो तो निळा. निळ्या प्रकाशाला लाल-हिरव्यापेक्षा जास्त शक्ती लागते, आणि तेवढ्या मोठ्या आचेवर त्या पदार्थाचे रेणू लवकर तुटतात. निळा कमी पडला की पांढऱ्याचं पिवळट होतं. कोडमधल्या काळ्या चौकोनांच्या जागचे दिवे बंदच होते, ते ताजेतवाने राहिले. म्हणून छाया उलटी!

आणि मग मला सगळं आठवलं. गेल्या वर्षी स्टॉलवरचा कागदी कोड उन्हाने फिका पडला, स्कॅन होईना, म्हणून बैठकीत आम्हीच ठरवलं होतं की कोड फोनवरच उघडून ठेवायचा. उन्हात दिसावा म्हणून उजेड पूर्ण वाढवलेला. पडदा मधेच बंद होऊ नये म्हणून तशी सेटिंग केलेली. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, रोज. वर चैत्र-वैशाखाचं ऊन. आणि उष्णतेने तर ही झीज आणखी लवकर होते. म्हणजे पडदा वहिनींनी जाळला नव्हता, त्यांच्या मुलानेही नाही. गेम खेळताना चित्र सारखं बदलतं. त्याचा ठसा उमटलाच असता तर गेममधल्या एका जागी राहणाऱ्या बटणांचा उमटला असता. इथे तर आमच्या गटाचा कोड होता. फोन गटाच्याच कामाला लागल्याची ती पावतीच म्हणा ना!

पुढच्या बैठकीला मी फोन घेऊन गेले. समाजमंदिराच्या खिडक्या लावल्या, दिवे घालवले आणि राखाडी चित्र उघडून फोन हातोहाती फिरवला. कुणी काही बोलेना. ज्या काकू सगळ्यांत जास्त बोलल्या होत्या, त्याच उठल्या आणि वहिनींजवळ जाऊन बसल्या. "चुकलं गं बाई माझं," एवढंच म्हणाल्या. वहिनी लगेच हसल्या असं नाही सांगत मी. मनावर उमटलेला ठसाही सहजी पुसत नाही. पण हिशेबाची वही त्यांनी परत हातात घेतली, हेही खूप झालं.

पडदा आम्ही बदलला नाही. थोडा पिवळा दिसतो एवढंच, काम अडत नाही. कोड आता छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून सावलीत टांगलाय.

जाता जाता चार गोष्टी सांगते. एकच चित्र पडद्यावर तासन् तास ठेवू नका. पडदा आपोआप बंद होण्याची वेळ कमी ठेवा. घरात ओएलईडी टीव्ही असेल तर दिवसभर एकच बातम्यांचं चॅनल लावून ठेवू नका. कोपऱ्यातल्या बोधचिन्हाचा आणि खालच्या पट्टीचा ठसा उमटू शकतो. काळ्या पार्श्वभूमीने बॅटरी वाचते हे खरं, कारण काळे ठिपके वीज खात नाहीत. पण अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने 2021 साली तपासलं, तेव्हा उजेड पूर्ण असताना बचत 39 ते 47 टक्के दिसली, तर उजेड 30 ते 50 टक्के असताना फक्त 3 ते 9 टक्के. तेव्हा आधी उजेडच कमी करा. काचेला तडा गेला तर पावसाळ्याआधी दुरुस्त करून घ्या, कारण दमट हवा आणि ऑक्सिजन आत शिरले की हे पदार्थ मरतात आणि काळे डाग पसरत जातात.

आणि पडदा बदलून आणलात, तर पैसे देण्याआधी दुकानातच एक करा. पूर्ण काळं चित्र उघडा आणि फोन पदराच्या अंधारात धरून बघा. काहीच उजेड दिसला नाही तर तो ओएलईडी. राखाडी उजेड झिरपताना दिसला, तर तुमच्या ओएलईडीच्या जागी साधा एलसीडी बसवलाय असं समजा. आम्हाला अठराशेत "अगदी तसाच" देऊ केलेला पडदा असाच होता, हे मी दुकानात जाऊन, पदराआड धरून बघून आलेय.