भूकंप आणि आपले घर

महापरिनिब्बान सुत्तात एक प्रसंग आहे. वैशालीजवळ चापाल चैत्यापाशी तथागत असताना भूमी हादरली. तेव्हा आनंद त्यांच्याकडे गेला आणि त्याने विचारले, की या भूकंपाचे कारण काय? तथागतांनी आठ कारणे सांगितली. त्यांतील पहिले निसर्गातले आहे. पृथ्वी पाण्यावर व पाणी वाऱ्यावर आधारलेले असून वारा खवळला की खालपासून वरपर्यंत सारे हलते, असा त्याचा आशय. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ज्ञानाला धरून ते उत्तर होते. आज आपण ते शब्दशः मानत नाही, मानण्याची आवश्यकताही नाही. परंतु जमीन हादरल्यावर आनंदाने नवस बोलला नाही, कारण विचारले, ही गोष्ट आम्हांस मोलाची वाटते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला, तेव्हा मात्र आपल्याकडे कारण विचारणारे थोडे आणि कोप म्हणणारे फार निघाले. कोणी कलियुग म्हटले, कोणी गावाचे पाप म्हटले. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे त्या पहाटे गेली. त्यांतील अनेकजण आदल्या रात्री गणपती बोळवून उशिरा झोपलेले. इतक्या माणसांच्या माथी पाप मारून मोकळे होणे सोपे असते, कारण मग भिंतीकडे पाहावे लागत नाही. या लेखात आम्ही भिंतीकडेच पाहणार आहोत.

भूकंप का होतो हे थोडक्यात सांगतो. आपला भारतीय भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकत तिबेटच्या बाजूला रेटत आहे. या रेट्याचा ताण केवळ हिमालयात राहत नाही, तो दख्खनच्या पोटातील जुन्या, कमकुवत भेगांपर्यंतही पोहोचतो. एखादी भेग अचानक सरकली की साठलेली शक्ती लाटांच्या रूपाने बाहेर पडते. किल्लारीचा भूकंप सुमारे ६.२ प्रतीचा, जगाच्या हिशेबात मध्यमच. परंतु तो जमिनीखाली फार खोल नव्हता, आणि वर जी घरे होती ती तशी होती. त्यावेळच्या शासकीय नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात, म्हणजे पट्टा १ मध्ये दाखवलेला होता. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याच परिसरात लहान धक्के बसून गेले, तरी नकाशा तोच राहिला. पुढे २००२ साली मानक सुधारले, पट्टा १ रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर पट्टा ३ मध्ये आला.

हा विषय जुना झाला असे कोणी म्हणू नये. मार्च २०२४ आणि पुन्हा जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ प्रतीचे धक्के बसले, ते नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. त्यावेळी प्रशासनाने एक आवाहन केले होते, की पत्रे उडू नयेत म्हणून ज्यांनी वर दगड ठेवले आहेत त्यांनी ते उतरवून घ्यावेत. आपल्या वस्तीत अशी किती घरे आहेत, हे वाचकांनी मनातल्या मनात मोजावे.

आता भिंत. मराठवाड्यातील जुने घर कसे असते हे आपणांस सांगायला नको. दगड व मातीची भिंत, जाडी दोन-तीन फूट, कुठे त्याहूनही अधिक. या भिंतीला बाहेरचे एक अंग असते, आतले एक अंग असते, आणि दोहोंच्या मध्ये गोटे-मातीची भर. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा, आरपार जाणारा लांब दगड घालण्याची काळजी बहुतेक ठिकाणी घेतलेली नसते. त्यामुळे जी भिंत बाहेरून एक दिसते ती वास्तविक दोन भिंती असतात. जमीन आडवी हलली की ही दोन अंगे एकमेकांपासून फाकतात, फुगतात आणि ढासळतात.

आणि या भिंतीवर काय ठेवलेले असते? माळवद. उन्हाळ्यात माळवदाच्या घरात जो गारवा असतो तो पंख्याखाली मिळत नाही, हे आम्हीही मान्य करू. आमचे बालपण त्याच गारव्यात गेले आहे. पण पावसाळ्याच्या तोंडावर गळती थांबावी म्हणून वर नवी माती टाकायची आणि जुनी काढायची नाही, हा आपला शिरस्ता. बापाने टाकली, आजोबाने टाकली, थर वाढत गेला. त्याचा हिशेब करून पाहा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशी खोली घेतली आणि वर एक फूट माती धरली तर शंभर घनफूट, म्हणजे बरोबर एक ब्रास माती झाली. तिचे वजन साधारण साडेचार टन. दोन फूट थर असेल तर दोन ब्रास, नऊ टन. एवढी माती डोक्यावर घेऊन आपण मुलाबाळांसह निर्धास्त झोपत होतो. किल्लारीत माणसे मातीखाली गुदमरून गेली ती यामुळे. ज्या घरांत छताचा भार लाकडी खांब-तुळयांनी पेलला होता, तेथे काही ठिकाणी भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला, हेही नंतर पाहणाऱ्यांनी नोंदवले आहे.

याच परिसरातील कुडाच्या, गवताने शाकारलेल्या हलक्या झोपड्यांचे मात्र फारसे नुकसान झाले नाही. ज्यांना दगडी भिंत परवडली नाही त्यांची गरिबी त्या पहाटे त्यांच्या उपयोगी पडली. यावरून आपली माणसे सारी वाचली असा अर्थ कोणी काढू नये. आपल्या वस्त्यांतही दगडमातीची घरे होती, तेथेही चिता पेटल्या. आमचे म्हणणे वेगळे आहे. आज आपली मुले शिकली, नोकरीला लागली, गावी आईवडिलांना पक्के घर बांधून देत आहेत. याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु पुष्कळदा होते काय, की पैसा अपुरा पडतो म्हणून जुन्याच दगडमातीच्या भिंती ठेवून त्यांवर स्लॅब टाकला जातो. बाहेरून गिलावा, वर निळा रंग, दारावर धम्मचक्र. झोपडीतून निघून आपण नेमके त्या घरात शिरलो, ज्या घराने १९९३ साली माणसे मारली.

म्हणून पूर्वतयारीत पहिले स्थान घराला. माळवद असेल तर माती उतरवून थर सुमारे आठ इंचांवर आणावा आणि गळतीसाठी मातीखाली जाड प्लॅस्टिकचा कागद घालावा. किल्लारीनंतर जुनी घरे बळकट करताना हीच पद्धत सांगितली गेली. भिंतीत ठराविक अंतरावर एकेक दगड काढून आरपार भोक करावे, त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीट भरावे, म्हणजे भिंतीची दोन अंगे एकमेकांना धरून राहतात. नवी दगडी भिंत बांधत असाल तर दर दोन फूट उंचीला आणि आडवे चार फुटांच्या आत एक आरपार दगड आलाच पाहिजे, हे गवंड्याला आधी सांगावे आणि बांधताना समोर उभे राहावे. दारे-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींना वेढणारा काँक्रीटचा सलग पट्टा असावा. खिडकीपुरते लिंटेल टाकून सोडून देणे म्हणजे पट्टा नव्हे. तो चारही कोपऱ्यांतून अखंड फिरला पाहिजे. दार कोपऱ्याला चिकटवून काढू नये. या साऱ्याचा खर्च फार नाही. घरावर रंगीत फरशी लावण्यात जेवढे जातात त्याहून तो बहुधा कमीच भरेल.

किल्लारीनंतर ज्यांना घर बळकट करण्यासाठी अनुदान मिळाले, त्यांतील पुष्कळांनी त्या पैशात शेजारी एक नवी खोली बांधली आणि झोपायला पुन्हा जुन्या घरात गेले. आम्ही त्यांना दोष देत नाही, एका खोलीत संसार मावत नाही. पण निदान रात्री मुलांना व म्हाताऱ्यांना त्या नव्या खोलीत झोपवावे, एवढे तरी करता येते.

शहरातील सभासदांनीही निश्चिंत राहू नये. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचा उगम कच्छमध्ये होता, तरी दोनशेहून अधिक किलोमीटर दूर अहमदाबादेत अनेक मजली इमारती कोसळल्या. त्यांतील कित्येकांच्या तळमजल्यावर भिंती नव्हत्या, नुसते खांब आणि गाड्यांची जागा होती. आपल्या सोसायटीत कोणी तळमजल्यावरचा खांब किंवा भिंत फोडून दुकान काढत असेल तर तो त्याचा खाजगी प्रश्न नाही.

घरातील लहान गोष्टीही पाहून ठेवाव्यात. कपाट भिंतीला पट्टीने ठोकून घ्यावे. खाटेच्या वर फळीवर हंडे, पेट्या, तसबिरी नसाव्यात. रात्री दारापुढे मोटारसायकल लावण्याची आणि दारामागे सोयाबीनची पोती रचण्याची सवय मोडावी. बॅटरी, शिट्टी आणि चपला उशाशी असाव्यात, कारण फुटलेल्या काचेवरून अनवाणी चालता येत नाही.

प्रत्यक्ष धक्का बसतो तेव्हा हाती सेकंदच असतात आणि त्यात काय करावे याविषयी लोकांत गोंधळ आहे. कोणी म्हणतो पळा, कोणी म्हणतो थांबा. दोघेही आपापल्या घरापुरते बरोबर आहेत. तुम्ही दगडमातीच्या, जड छताच्या घरात तळाला असाल, दार जवळ असेल आणि बाहेर मोकळे मैदान असेल, तर लगेच बाहेर पडावे. भिंतीलगत मात्र उभे राहू नये. तुम्ही चांगल्या बांधलेल्या आर.सी.सी. इमारतीत असाल, विशेषतः वरच्या मजल्यावर, तर पळू नये. जिना आणि लिफ्ट या दोन्ही जागा त्यावेळी घातक. खाली बसावे, मजबूत टेबलाखाली डोके घालावे, त्याचा पाय घट्ट धरावा आणि हादरे थांबेपर्यंत सोडू नये. अंथरुणात असाल तर तेथेच पालथे पडून उशी डोक्यावर घ्यावी. चौकटीखाली उभे राहण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही.

बाहेर पडणे म्हणजे वाचणे असेही नव्हे. २००१ सालीच कच्छमधील अंजार येथे प्रजासत्ताक दिनाची मुलांची फेरी अरुंद गल्लीतून जात होती. दोन्ही बाजूंची घरे वर कोसळून दोनशेच्या आसपास विद्यार्थी व शिक्षक गेले. आपल्या वस्त्यांतील बोळ त्याहून रुंद नाहीत. म्हणून घरातील सर्वांनी कोठे जमायचे ती मोकळी जागा आजच ठरवावी, आणि तिकडे नेणारी वाट दिवसा चालून पाहावी.

आपल्या विहाराचाही विचार व्हावा. वैशाख पौर्णिमेला सभागृह भरलेले असते आणि दोन दारांपैकी एक कायम कुलूपबंद असते. उघड्या दारात चपलांचा ढीग. उद्या काही झाले तर माणसे भूकंपापेक्षा त्या ढिगावरच पडतील. दुसरे दार कार्यक्रमाच्या वेळी उघडे ठेवावे आणि चपला बाजूला काढाव्यात, ही सूचना आम्ही कार्यकारिणीस लेखी दिली आहे. मूर्ती चौथऱ्यात सळईने पक्की करून घेण्याचीही.

धक्का थांबला की गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचा मेन स्विच बंद करावा. गॅसचा वास असताना दिवा, काडी काही लावू नये. तडा गेलेल्या घरात भांडी-दागिने आणायला जाऊ नये, कारण नंतरचे धक्के येतातच आणि आधीच खिळखिळी झालेली भिंत त्यांत पडते. ढिगाऱ्यातून माणसे काढणारे पहिले हात शेजाऱ्यांचेच असतात. जवान आणि यंत्रे पोहोचायला वेळ लागतो. अशा वेळी घाईने जेसीबी घालू नये. मध्येच सर्वांनी मिनिटभर गप्प राहून कानोसा घ्यावा. अडकलेल्याने ओरडून दम घालवण्यापेक्षा तोंडावर कापड धरून दगडाने ठोके द्यावेत. कोणत्या घरात कोण, कोठे झोपते याची गल्लीवार यादी मंडळाकडे असली तर कोठे उकरायचे ते कळते. फोनवर चौकशा करून वाहिन्या अडवू नयेत. तातडीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. अमुक वाजता पुन्हा भूकंप होणार, असा संदेश आला तर तो खोटा समजावा. दिवस-वेळ सांगणारे शास्त्र जगात कोणाकडेही नाही. आणखी एक, मदतीला जायचे असेल तर विचारून, हवे ते घेऊन जावे. किल्लारीच्या वेळी बघ्यांच्या गाड्यांनी रस्ते अडले आणि जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले.

शेवटी कागदपत्रांविषयी, कारण हा भाग आपल्या समाजाला सर्वाधिक जाचतो. किल्लारीनंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घर किती मोठे मिळणार हे जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४००, आणि त्यापुढे ७५०. घर सर्वांचेच पडले होते, पण ज्याला मुळात जमीन नव्हती त्याला नवे घरही लहान मिळाले. हा न्याय कोणता, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. ते भांडण वेगळे. परंतु ज्याच्या घराची ग्रामपंचायतीत नोंदच नाही, त्याला भांडायलाही जागा उरत नाही. नमुना ८ चा उतारा, असल्यास सातबारा, रेशन कार्ड, आधार, जातीचा दाखला, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि बँकेचे पुस्तक यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एक संच गावी व एक शहरातील नातेवाइकाकडे ठेवावा. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावेत. जागा आईच्या नावावर आहे की काकाच्या, हे तोंडी ठरलेले असेल तर ते कागदावर आणावे.

वैशाख पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी वंदना झाल्यावर मंडळातील दोन गवंडी आणि एक निवृत्त ओव्हरसियर विहारात थांबणार आहेत. येताना आपल्या गावच्या घराच्या चारही भिंतींचे आणि कोपऱ्यांचे फोटो आणावेत. माळवद असल्यास सळई खुपसून मातीचा थर किती इंच आहे तेही मोजून आणावे.