विळ्याच्या आकाराची रक्तपेशी

मनुष्याच्या रक्तातील तांबड्या पेशी निरोगी अवस्थेत वाटोळ्या व लवचिक असतात. केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांतून त्या अंग चोरून सहज निघून जातात. परंतु काही माणसांच्या शरीरात प्राणवायू देऊन टाकताच या पेशी ताठर होऊन विळ्यासारख्या वाकतात आणि वाहिन्यांत अडकून बसतात. मग असह्य वेदना होतात व रक्तक्षय जडतो. सिकलसेल नावाचा हा आनुवंशिक रोग आफ्रिकेत फार आढळतो. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांतील आदिवासी कुटुंबांनाही तो परिचित आहे.

या रोगाचे मूळ पेशीतील हिमोग्लोबिन या प्रथिनात आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली अमेरिकेत दाखवून दिले. प्रथिन म्हणजे अ‍ॅमिनो आम्लांची माळच. मात्र ती सरळ लोंबत नाही, तर घड्या पडून ठरावीक आकार धारण करते. हिमोग्लोबिनात अशा चार माळा असून त्यांत मिळून ५७४ मणी असतात. रोग्याच्या दोन माळांत केवळ सहावा मणी बदललेला असतो. तेथे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हा शोध १९५७ साली केंब्रिज येथील व्हर्नन इंग्रॅम यांनी प्रसिद्ध केला. एवढ्याशा फरकाने एवढा अनर्थ कसा घडावा?

याचे उत्तर प्रथिनाच्या आकारात दडलेले होते, आणि तो आकार साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसण्याजोगा नव्हता. मॅक्स पेरुत्झ हे १९३७ पासून केंब्रिजमध्ये त्याच्याच मागे लागले होते. हिमोग्लोबिनाच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडावयाचे, छायाचित्रावर उमटणारे असंख्य ठिपके मोजावयाचे आणि त्यांवरून अणूंची मांडणी गणिताने ताडावयाची, असा तो चिकाटीचा उद्योग होता. पहिली स्थूल आकृती हाती येण्यास १९५९ साल उजाडले. बावीस वर्षे! १९६२ मध्ये त्यांना जॉन केंड्रू यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

प्राणवायू सोडताना हिमोग्लोबिनाचा आकार बदलतो, हे अशाच अभ्यासातून स्पष्ट झाले. त्या बदलात रेणूच्या अंगावर एक खळगी उघडी पडते. व्हॅलिनला पाण्याचे वावडे. ते शेजारच्या रेणूच्या खळगीत जाऊन बसते. असे रेणू एकमेकांस चिकटत जाऊन त्यांच्या लांब दोऱ्या वळल्या जातात आणि त्याच पेशीला वाकवितात.

हिमोग्लोबिन प्राणवायू धरलेल्या आकारातच टिकविले, तर दोऱ्या वळल्या जाणार नाहीत, या विचारातून व्हॉक्सेलोटर हे औषध निघाले. २०१९ मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याने रक्तातील हिमोग्लोबिन वाढलेही; तथापि वेदनेचे झटके व मृत्यू यांविषयी चिंता उत्पन्न होऊन २०२४ मध्ये ते जगभरातून मागे घेण्यात आले. पुष्कळ रोग्यांना दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध निराळ्या वाटेने जाते. ते शरीराला गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार करावयास लावते, आणि ते हिमोग्लोबिन या दोऱ्यांत गुंफले जात नाही.