सहीपलीकडची दोन वर्षं

पाच वर्षांचं बी.आर्च. पार पडलं, वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झाली, की महापालिकेत सादर होणाऱ्या नकाशावर सही करता येते. हा मान १९७२च्या वास्तुविशारद कायद्याने दिला आहे आणि त्यासाठी बी.आर्च. पुरेसं असतं. पुढे कुणी आणखी दोन वर्षं घालवून एम.आर्च. केलं, तरी त्या सहीचं वजन कागदोपत्री तेवढंच राहतं. एमबीबीएस झालेला डॉक्टर हृदयाची शस्त्रक्रिया करू शकत नाही. तिथे पुढची पदवी हाच परवाना. वास्तुविशारदाचं तसं नाही. कालच नोंदणी झालेल्या तरुणीने २०० खाटांचं रुग्णालय आखायला घेतलं तर कायदा तिला अडवत नाही. अडवलंच तर गिऱ्हाईक अडवेल.

म्हणून घरात विचारला जाणारा प्रश्न रास्तच असतो. पाच वर्षं शिकलीस, सही मिळाली, आता आणखी कसली पदवी? त्यात बी.आर्च.नंतरच्या पहिल्या नोकरीचा पगार ऐकून बरेच आईवडील आधीच गप्प झालेले असतात. एम.आर्च. केल्याने तो लगेच दुप्पट होईल, या भ्रमात कुणी राहू नये. या पदवीचा हिशेब पगाराच्या रकान्यात बसतच नाही. तिने एखाद्याचं काम कुठून कुठे वळवलं, हे पाहावं लागतं. त्याचं एक ठसठशीत उदाहरण कोकणातलं आहे.

मालवणजवळच्या आचऱ्यात १९१६ मध्ये जन्मलेले अच्युत कानविंदे मुंबईच्या जे. जे.मध्ये वास्तुकला शिकले. तिथे तेव्हा क्लॉड बॅटली या इंग्रज वास्तुविशारदाचा शब्द चाले. १९२३ ते १९४३ ते संस्थेचे प्रमुख होते. मलबार हिलवरचा जिनांचा बंगला त्यांनीच बांधला. जुन्या भारतीय इमारतींची मापं विद्यार्थ्यांकडून घ्यायला लावायची, कमानी, जाळ्या, छज्जे यांची प्रमाणं हाताने रेखाटून पक्की करायची, असा त्यांच्या शिकवण्याचा खाक्या. या मुशीतून निघालेल्या कानविंद्यांना १९४५ मध्ये भारत सरकारने हार्वर्डला धाडलं. तिथे गाठ पडली वॉल्टर ग्रोपियस यांच्याशी. जर्मनीत १९१९ मध्ये बाउहाउस ही शाळा काढणारे आणि नाझी राजवटीत देश सोडावा लागलेले ग्रोपियस हार्वर्डच्या वास्तुकला विभागाचे प्रमुख होते. इमारत बाहेरून कशी दिसेल, याआधी आत कोण काय करणार, हे तिथे विचारलं जाई. उजेड कुठून येणार, सामान कसं हलणार, उद्या गरज बदलली तर भिंत हलेल का? पुढे जगभर गाजलेले आय. एम. पेई आणि पॉल रुडॉल्फ हेही चाळीसच्या त्या दशकात हार्वर्डलाच शिकत होते.

कानविंदे परतले तेव्हा देश स्वतंत्र होत होता. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे मुख्य वास्तुविशारद म्हणून त्यांच्या वाट्याला आल्या त्या प्रयोगशाळा. हा प्रकार भल्याभल्यांना घाम फोडणारा असतो. प्रत्येक टेबलापाशी पाणी, वीज, गॅस हवा. विषारी वाफा बाहेर गेल्या पाहिजेत. आज इथे कापसाच्या धाग्यावर काम चाललंय, पाच वर्षांनी कशावर चालेल हे कुणालाच ठाऊक नाही. कमानींच्या प्रमाणबद्धतेने इथे भागत नाही. अहमदाबादच्या कापड गिरण्यांसाठी उभ्या राहिलेल्या ‘अटिरा’ या संशोधन संस्थेची इमारत पाहिली की हार्वर्डची ती दोन वर्षं कुठे मुरली ते कळतं. १९५५ मध्ये कानविंद्यांनी शौकत राय यांच्याबरोबर स्वतःची कचेरी थाटली आणि पुढे कानपूरची आयआयटी आखली. तिथल्या विटा-काँक्रीटच्या इमारती उंचावरून जाणाऱ्या पादचारी मार्गांनी जोडल्या आहेत. विद्यार्थी वरून चालतो, वाहनांची वाट वेगळी राहते. १९६९ मध्ये जेम्स मिलर यांच्यासह त्यांनी भारतातल्या विद्यापीठ परिसरांच्या आखणीवर ग्रंथच लिहिला. मुंबईकरांनी त्यांचं काम नकळत पाहिलेलं असतं: वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राची इमारत त्यांचीच.

कानविंद्यांचं नशीब असं की शिकून येईपर्यंत प्रश्न दारात उभा होता. सगळ्यांना तो तसा मिळत नाही. काहींना पदवीच्या काळात स्वतःच शोधावा लागतो. चार्ल्स कोरिया मिशिगनहून बी.आर्च. करून एमआयटीत गेले आणि १९५५ मध्ये तिथे एम.आर्च. झाले. त्यांनी प्रबंध म्हणून नकाशांचं बाड दिलं नाही. एक ॲनिमेशनपट केला: ‘यू अँड युअर नेबरहूड’. लिहिला त्यांनी, चित्रं त्यांनी काढली, दिग्दर्शनही त्यांचंच. विषय असा की कळा गेलेल्या वस्तीतले रहिवासी एकत्र येऊन आपली वस्ती कशी सुधारू शकतात. पंचविशीतल्या विद्यार्थ्याचं हे काम तिथेच संपलं असतं तर ती एक गमतीदार नोंद राहिली असती. पण १९६०च्या दशकात हाच माणूस प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर मुंबईच्या खाडीपलीकडे नवं शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवण्याची योजना मांडतो, १९७० पासून काही वर्षं ते शहर उभारणाऱ्या सिडकोचा मुख्य वास्तुविशारद होतो आणि ऐंशीच्या दशकात बेलापूरला बैठ्या घरांची वसाहत बांधतो. तिथे सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती मांडली आहेत. असे तीन गट मिळून मोठं अंगण. कुठल्याही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, म्हणजे पैसा हाती आला की ज्याने त्याने आपलं घर वाढवावं, शेजाऱ्याची परवानगी मागायची गरज नाही. आज तिथे गेलं तर मूळ घरं शोधावी लागतात, इतकी ती लोकांनी बदलली आहेत. प्रबंधातला रहिवासी असा तीस वर्षांनी प्रत्यक्षात भेटला, असं म्हणायला हरकत नाही.

याला छेद देणारं उदाहरणही लगेच सांगायला हवं, नाहीतर लेख विद्यापीठाचं माहितीपत्रक होईल. पुण्यात १९२७ मध्ये जन्मलेले बाळकृष्ण दोशी जे. जे.मधलं शिक्षण पुरं न करताच लंडनला गेले आणि तिथून पॅरिसला वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांच्या कचेरीत. सुरुवातीचे महिने तर बिनपगारी. त्यांची पदव्युत्तर शाळा म्हणायची तर तीच कचेरी. २०१८ मध्ये वास्तुकलेतलं प्रित्झ्कर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय. आणि याच दोशींनी १९६२ मध्ये अहमदाबादला वास्तुकलेची शाळा काढली, जी पुढे सेप्ट विद्यापीठ झाली. पदव्युत्तर शिक्षणासाठी आज मराठी मुलं रांग लावतात त्या मोजक्या संस्थांपैकी एक.

आजच्या वर्गात डोकावलं तर पहिला धक्का बसतो तो स्टुडिओत. बी.आर्च.ला विषय शिक्षक देतात: प्राथमिक शाळा, वाचनालय, बसस्थानक, अमुक चौरस मीटर, तमुक जागा. शीट लावायच्या, मॉडेल ठेवायचं, ज्युरीची, म्हणजे परीक्षकांची, बोलणी खायची. एम.आर्च.च्या ज्युरीत पहिला प्रश्न वेगळाच येतो: हे करायची गरज आहे, हे तुम्ही कशावरून ठरवलं? सुंदर शीट काढणारे इथे अडखळतात. वाचन, सर्वेक्षण, माणसांशी बोलणं, जुनी कागदपत्रं चाळणं, यात सेमिस्टर निघून जातं आणि रेघ मारायला उशिरा मुहूर्त लागतो.

शाखा बऱ्याच आहेत. शहररचना, भूदृश्यरचना, पर्यावरणीय वास्तुकला, बांधकाम व्यवस्थापन. दिल्लीचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, सेप्ट, खरगपूर आणि रुरकीच्या आयआयटी ही नावं सगळ्यांना माहीत. महाराष्ट्रात जुहूचं कमला रहेजा विद्यानिधी आहे, पुण्यात कर्वे संस्थेचं भानुबेन नानावटी महाविद्यालय आहे. पण महाराष्ट्राच्या मातीत सर्वांत जास्त काम पडून आहे ते वारसा संवर्धनात, म्हणून त्याच शाखेत थोडं आत शिरू.

संवर्धनाचा विद्यार्थी आधी मोजायला शिकतो. वाड्याच्या चौकात टेप, लेव्हल, हल्ली लेसर स्कॅनरही घेऊन बसायचं. तुळई कुठे वाकली, ओसरीचा खांब किती कलला, ओल जमिनीतून चढते आहे की छपरातून उतरते आहे, हे भिंतीभिंतीच्या नकाशावर रंगांनी नोंदवायचं. मग येतो चुना. जुन्या भिंतीतला चुना हवा आत-बाहेर जाऊ देतो, त्यामुळे मुरलेली ओल हळूहळू वाळते. त्यावर कुणी हौसेने सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, तिच्यातले क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि वीट किंवा दगड आतून भुगा व्हायला लागतो. वर भिंत मात्र गुळगुळीत, नवीकोरी. महाराष्ट्रातली किती देवळं ‘जीर्णोद्धारा’च्या नावाखाली अशी मारली गेली, याची मोजदाद कुणी करत नाही, हे बरंच म्हणायचं. कळीचा चुना विझवून किती दिवस मुरवावा, वाळू किती धारेची हवी, गूळ किंवा बेलफळाचा गर का घालत, हे शिकायला विद्यार्थ्याला पुस्तकाइतकंच एखाद्या म्हाताऱ्या गवंड्याजवळ बसावं लागतं.

आणि मग कायदा. बृहन्मुंबईची वारसा नियमावली १९९५ची, देशातली अशी पहिली. इमारतींना श्रेणी, श्रेणीनुसार काय बदलता येईल त्याच्या मर्यादा. नियम वाचणं सोपं. भाडं गोठलेल्या चाळीचा मालक दुरुस्तीला पैसे का घालेल, हा प्रश्न अवघड, आणि प्रबंध इथेच रंगतात. या शाखेतून निघालेल्यांचं काम मुंबईत डोळ्यांसमोर आहे. भायखळ्याचं १८७२चं भाऊ दाजी लाड संग्रहालय विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली सावरलं आणि २००५ मध्ये युनेस्कोचं पारितोषिक मिळवून गेलं. दिल्लीच्या स्कूलमध्ये संवर्धन शिकलेल्या आभा नारायण लांबा यांनी १९९३ पासून बंद पडलेलं गिरगावचं रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ मध्ये पुन्हा उघडेल असं केलं. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यातले ११ महाराष्ट्रातले. तटबंदीवर उगवलेल्या पिंपळापासून पायथ्याच्या वाहनतळापर्यंत प्रत्येक गोष्टीचा विचार आता व्यवस्थापनाच्या आराखड्यात व्हायला हवा, आणि तो करणारी शिकलेली माणसं कमीच आहेत.

परदेशी जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. एम.आर्च. या नावाखाली तिथे वेगवेगळे अभ्यासक्रम चालतात. अमेरिकेत एक एम.आर्च. आहे तो व्यवसायाची पहिली पदवी म्हणून. त्यात इतिहासाचा किंवा भौतिकशास्त्राचा पदवीधरही तीन-साडेतीन वर्षांसाठी येतो. आधीच वास्तुविशारद असलेल्यांसाठीचे दुसरे अभ्यासक्रम छोटे आणि संशोधनाकडे झुकलेले. मराठी घरातली मुलं बहुधा दुसऱ्या वाटेने जातात आणि नंतर कळतं की तिथल्या बहुतेक राज्यांत परवान्यासाठी मान्यता असलेली पदवी पहिल्या प्रकारची लागते. नाहीतर भारतातल्या पदवीचं मूल्यांकन करून घेण्याचं लचांड मागे लागतं. इंग्लंडमध्ये तीन टप्प्यांची पद्धत आहे, त्यात एम.आर्च. बहुधा दुसऱ्या टप्प्यावर येतं. परत यायचंच असेल तर या कटकटीशी संबंध नाही. राहुल मेहरोत्रा यांनी सेप्टनंतर १९८७ मध्ये हार्वर्डला शहररचनेतली पदव्युत्तर पदवी घेतली, मुंबईत येऊन कचेरी काढली, शारदा द्विवेदींबरोबर मुंबईवर ग्रंथ लिहिले. पुढे हार्वर्डला शिकवताना त्यांनी २०१३च्या प्रयागच्या कुंभाचा अभ्यास उभा केला: काही आठवड्यांसाठी बांबू, कापड आणि पत्र्यातून वसणारं आणि नंतर मोडणारं शहर पाणी, रस्ते, संडास यांची व्यवस्था कशी लावतं. नाशिकच्या सिंहस्थाची तयारी करणाऱ्यांच्या टेबलावर तो असायला हरकत नाही.

देशातच शिकायचं तर बऱ्याच संस्थांसाठी गेट परीक्षेचा वास्तुकला आणि नियोजनाचा पेपर द्यावा लागतो. ती फेब्रुवारीत होते. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा आहे. गेटमधून पूर्णवेळ प्रवेश मिळालेल्या पात्र विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. मुंबईत किंवा दिल्लीत खोलीचं भाडं आणि मेस भागली तर नशीब, पण घरी मागायचे पैसे तरी कमी होतात. शिकवायची इच्छा असेल तर मात्र गणित बदलतं: वास्तुकला महाविद्यालयात नियमित सहायक प्राध्यापक व्हायला पदव्युत्तर पदवी लागते. कित्येकांची दोन वर्षं याच कारणासाठी खर्ची पडतात. त्यात कमीपणा काही नाही, फक्त अशा वेळी शाखा ‘जागा मिळाली म्हणून’ निवडली जाते आणि प्रबंधात जीव उतरत नाही.

गेटचे गुण तीन वर्षं चालतात. त्यामुळे बरेच अनुभवी शिक्षक सुचवतात की परीक्षा द्यावी, पण लगेच प्रवेशाला धावू नये. आधी दोनेक वर्षं कचेरीत राबावं, साइटवर उन्हात उभं राहावं. चटई क्षेत्र वाचवण्यासाठी जिन्याखाली कोंबलेलं संडास, वारा अडवणारी पुनर्विकासाची भिंत, ठेकेदाराने परस्पर बदललेला दगड, जे खटकलं ते वहीत टिपत जावं. प्रवेशाच्या मुलाखतीत पोर्टफोलिओची चकचकीत पानं उलटून झाल्यावर समोरचे विचारतातच, संशोधन कशावर करणार? तेव्हा सांगण्यासारखं काही त्या वहीत सापडतं.