समुद्रकाठची अकरावी-बारावी

ब्रिटनमधील माध्यमिक शाळांत इयत्तेला 'फॉर्म' म्हणण्याची पद्धत होती, आणि पाच फॉर्म संपवून सोळाव्या वर्षी सार्वजनिक परीक्षा दिल्यावर जे विद्यार्थी विद्यापीठाच्या तयारीसाठी आणखी दोन वर्षे थांबत, त्यांच्या वर्गाला 'सिक्स्थ फॉर्म' हे नाव पडले. बाकीच्या इयत्तांची नावे आता बहुतांशी मागे पडली असली तरी हे नाव टिकून आहे, आणि केवळ याच दोन वर्षांसाठी चालणाऱ्या संस्थेला सिक्स्थ फॉर्म कॉलेज म्हणतात. वयाने आणि हेतूने पाहता ही आपल्याकडची अकरावी-बारावीच होय. फरक इतकाच की महाराष्ट्रात ही दोन वर्षे प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीवर्गांनी अशी गिळून टाकली आहेत की कित्येक कनिष्ठ महाविद्यालयांचे अस्तित्व हजेरीपटापुरते उरले आहे. वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील अटलांटिक कॉलेज या निवासी संस्थेने नेमक्या याच दोन वर्षांत, पुस्तकी अभ्यासाच्या जोडीने आणि त्याच्या इतक्याच गांभीर्याने, मुलांवर बुडणाऱ्या माणसाला वाचवण्याची जबाबदारी टाकून पाहिली. आज जगभरच्या आंतरराष्ट्रीय शाळांच्या माहितीपत्रकांत 'अभ्यासेतर उपक्रम' म्हणून जी लांबलचक यादी छापलेली असते, तिच्या उगमांपैकी एक या किनाऱ्यावर आहे, आणि तो यादीहून पुष्कळ खडबडीत आहे.

संस्थेमागची मूळ कल्पना कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची. १८८६ मध्ये बर्लिनमधील ज्यू कुटुंबात जन्मलेल्या हान यांनी १९२० मध्ये दक्षिण जर्मनीत सालेम ही शाळा उभारली. हिटलरला उघड विरोध केल्यामुळे १९३३ मध्ये त्यांना अटक झाली आणि सुटकेनंतर ते ब्रिटनमध्ये आले. स्कॉटलंडमधील गॉर्डनस्टन ही शाळा (१९३४) आणि वेल्समध्ये सुरू झालेली आउटवर्ड बाउंड ही साहसशिक्षणाची चळवळ (१९४१) ही त्यांची पुढची कामे. आधुनिक सुखसोयींमुळे तरुणांची शरीरक्षमता, पुढाकार, कल्पनाशक्ती, कामातील कसब, आत्मसंयम आणि सर्वांत वाईट म्हणजे करुणा क्षीण होत चालली आहे, असे त्यांचे निदान होते. या निदानात जुन्या पिढीची नेहमीची कुरकुर थोडी आहेच; पण त्यांनी सुचवलेला उपाय कुरकुरीच्या पुढचा होता. तरुणांना युद्ध ओढून घेते ते त्यात त्यांची खरी गरज भासते म्हणून, तेव्हा तीच ओढ माणसे मारण्याऐवजी वाचवण्याकडे वळवता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. १९५५ मध्ये त्यांनी पॅरिस येथील नाटोच्या संरक्षण महाविद्यालयाला भेट दिली. दहा वर्षांपूर्वी एकमेकांशी लढलेल्या देशांचे अधिकारी तेथे एकत्र शिकताना पाहून, हेच सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत का करू नये, हा प्रश्न त्यांना पडला, आणि त्या महाविद्यालयाचे प्रमुख एअर मार्शल लॉरन्स डार्व्हल यांच्या साहाय्याने ही योजना आकाराला आली.

जागा मिळाली ती मात्र एखाद्या कादंबरीत शोभावी अशी. ब्रिस्टल चॅनलच्या काठी असलेला सेंट डोनॅट्स हा मध्ययुगीन किल्ला १९२५ मध्ये अमेरिकेतील वृत्तपत्रसम्राट विल्यम रॅन्डॉल्फ हर्स्ट यांनी विकत घेतला होता आणि इंग्लंडमधील ब्रॅडनस्टोक येथील जुन्या मठाचे भाग उचलून आणून त्यात बसवले होते. पुढे आंतोनँ बेस या देणगीदाराने किल्ला खरेदी करून संस्थेला दिला आणि १९६२ मध्ये कॉलेज सुरू झाले. पहिली पाच वर्षे ते केवळ मुलांचे होते. १९६७ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला. पहिले प्रमुख रिअर ॲडमिरल डेस्मंड होअर हे नौदलातील अभियंते होते, आणि एखाद्या शाळेला अभियंता मुख्याध्यापक लाभला की काय घडू शकते याचे हे कॉलेज उत्तम उदाहरण आहे.

ब्रिस्टल चॅनल हा समुद्राचा पट्टा नरसाळ्यासारखा आत निमुळता होत जातो, त्यामुळे भरतीचे पाणी कोंडून उंच चढते. वरच्या भागात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतील अंतर १४ मीटरच्या आसपास जाते, तर मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातील मोठ्या उधाणालाही ते सुमारे ५ मीटर असते, एवढ्यावरून त्या पाण्याचा जोर ध्यानात यावा. ओहोटीच्या वेळी कड्यांच्या पायथ्याशी फिरायला गेलेली माणसे भरतीत अडकतात, होड्या प्रवाहात सापडतात. कॉलेजच्या विद्यार्थ्यांची पथके नेमली गेली ती या धोक्याशी गाठ घालून: एक पथक बचावनौकांचे, एक किनाऱ्यावरील जीवरक्षकांचे, एक दोरांच्या साहाय्याने कड्यांवरून माणसे सोडवणाऱ्यांचे. ज्यांना समुद्राचे वावडे होते त्यांच्यासाठी परिसरातील वृद्धांच्या व अपंगांच्या सेवेचे काम होते. लवकरच, रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन या १८२४ पासून स्वयंसेवकांच्या बळावर बचावनौका चालवणाऱ्या धर्मादाय संस्थेचे अधिकृत केंद्र कॉलेजात स्थापन झाले. शाळकरी वयाच्या मुलांच्या हाती असे केंद्र देणे हे धाडसच होते, पण ते अंगलट आले नाही. १९६९ मध्ये एलिझाबेथ होस्टवेट ही अठरा वर्षांची नॉर्वेजियन विद्यार्थिनी या संस्थेच्या किनारी बचावनौकेचे नेतृत्व करण्यास पात्र ठरलेली पहिली स्त्री झाली, म्हणजे मुलींना प्रवेश मिळाल्यानंतर अवघ्या दोन वर्षांत.

सेवेच्या या गरजेतूनच कॉलेजचा सर्वांत मोठा शोध निघाला. हवा भरून फुगवायच्या रबरी होड्या हलक्या आणि सहसा न बुडणाऱ्या असल्या तरी त्यांचा कापडी तळ खडकाळ किनाऱ्यावर ओढताना झिजत आणि फाटत असे, शिवाय वेगात लाटेवर आपटताना तो वाकत असे. होअर आणि त्यांचे विद्यार्थी यांनी तळाला प्लायवुड लावून पाहिले, मग फुगीर नळ्यांखाली पुढे निमुळता होणारा कठीण सांगाडा बसवला, आणि एकामागून एक नमुने स्वतःच्या कार्यशाळेत बांधून, स्वतःच समुद्रात घालून, मोडून, पुन्हा बांधून त्या सांगाड्याचा आकार पक्का केला. कठीण तळामुळे नौका पाणी कापत वेगाने जाते आणि भोवतीच्या नळ्यांमुळे तोल राखते व टक्कर सोसते, हे या रचनेचे मर्म आहे. आज जगातील तटरक्षक दले, नौदले, पाणबुडे आणि पर्यटन व्यावसायिक ज्या 'रिब' प्रकारच्या नौका वापरतात, त्यांची ही जन्मकथा होय. होअर यांनी एकस्व, म्हणजे पेटंट, घेतले खरे; पण १९७३ मध्ये ते रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशनला केवळ एका पौंडाला देऊन टाकले आणि तो एका पौंडाचा धनादेशही त्यांनी वटवला नाही, असे नोंदले गेले आहे. संस्थेच्या नौकावर्गाला 'अटलांटिक २१' हे नाव मिळाले ते कॉलेजवरून. त्यातील २१ हा आकडा फुटांमधील लांबीचा. विज्ञान प्रदर्शनात मांडून घरी नेले जाणारे थर्मोकोलचे प्रकल्प आणि ही नौका यांतील अंतर हे बुद्धीचे नसून, वस्तू बिघडली तर कोणाचे तरी काही बिघडणार होते की नाही, याचे आहे.

अभ्यासक्रमाच्या बाबतीतही कॉलेजचा वाटा मोठा आहे. इंग्लंडमधील सिक्स्थ फॉर्ममध्ये विद्यार्थी तीनच विषय निवडतो आणि कला व विज्ञान या शाखा सोळाव्या वर्षीच कायमच्या वेगळ्या होतात, यावर ऑक्सफर्डचे शिक्षणतज्ज्ञ ॲलेक पीटरसन यांनी कडाडून टीका केली होती. तेच पुढे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, अर्थात आयबी, या १९६८ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झालेल्या परीक्षासंस्थेचे पहिले प्रमुख झाले, आणि १९७१ मध्ये अटलांटिक कॉलेजने इतर परीक्षा सोडून ही एकच पदविका स्वीकारली. तीत भाषा, सामाजिक शास्त्रे, विज्ञान, गणित अशा गटांतील सहा विषय असतात आणि प्रत्येकास ७ गुण. त्यांच्या जोडीला ४००० शब्दांचा संशोधनपर निबंध आणि 'थिअरी ऑफ नॉलेज' हा आपल्याला जे ठाऊक आहे ते कशाच्या आधारे ठाऊक आहे, याची चिकित्सा करणारा विषय, या दोहोंचे मिळून ३ गुण, असे एकूण ४५. तिसरा अनिवार्य घटक म्हणजे 'कॅस'. सर्जनशीलता, शारीरिक कृती आणि सेवा या तिहींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव बनले असून त्याला एकही गुण नाही. मात्र तो पूर्ण केल्याविना पदविका मिळत नाही. पूर्वी यासाठी १५० तास भरावे लागत. आपल्याकडे महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांची जी अट आहे, तिच्याशी हे हिशेबाचे नाते लगेच जुळते, आणि दोन्हीकडे रोगही एकच: तास भरले की सेवा झाली, असे मानण्याचा. आयबीने पुढे तासांची मोजदाद सोडली आणि किमान १८ महिने सातत्याने काम करावे व त्यावर चिंतनपर नोंदी लिहाव्यात, असा नियम केला. नोंदवहीत चिंतन उत्तम उतरते; हात किती राबले ते तीवरून कळतेच असे नाही, ही अडचण मात्र शिल्लक राहते.

निवासी जीवनाचे स्वरूप याहून साधे आहे. सुमारे ३५० विद्यार्थी, ८०हून अधिक देश, आणि वसतिगृहाच्या एकेका खोलीत साधारणपणे वेगवेगळ्या देशांची चार मुले. निरनिराळ्या प्रदेशांतील विद्यार्थी आपापले सांस्कृतिक कार्यक्रम बसवतात, त्यांत गाणी, नाच, पोशाख असतातच. परंतु आंतरराष्ट्रीय जाणीव जर कोठे घडत असेल तर ती रंगमंचापेक्षा खोलीतला दिवा कितीला मालवायचा, खिडकी उघडी ठेवायची की बंद आणि प्रार्थनेच्या वेळी संगीत बंद करायचे की नाही, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या वादांतून घडते, आणि तिची नोंद कोणत्याच प्रमाणपत्रावर होत नाही.

या प्रयोगाचे पुढे युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस या जाळ्यात रूपांतर झाले, ज्याचे नेतृत्व आरंभी लॉर्ड माउंटबॅटन यांनी आणि नंतर प्रिन्स चार्ल्स यांनी केले. आज त्यात १८ संस्था आहेत आणि त्यांपैकी एक महाराष्ट्रात आहे. १९९७ मध्ये महिंद्र उद्योगसमूहाच्या पुढाकाराने पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यातील एका डोंगरावर सुरू झालेल्या या कॉलेजच्या दगडी इमारती वास्तुविशारद ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी आखल्या असून त्यांची बरीच वाखाणणी झाली आहे. येथील उपक्रमयोजनेला 'त्रिवेणी' असे समर्पक नाव आहे. ज्या खोऱ्यात १९२० च्या दशकात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेथे जगभरची मुले ग्रामजीवन समजून घेऊ पाहतात. मात्र त्यांनी ते गावाकडून शिकून घ्यावे की गावाला शिकवावे, याचा निवाडा अशा प्रत्येक उपक्रमात नव्याने करावा लागतो.

या कॉलेजांवरील आक्षेप जुने आहेत आणि ते सर्वस्वी खोटे नाहीत. वेल्सच्या किल्ल्यात नेदरलँड्सचे राजे विलेम-अलेक्झांडर शिकले, अलीकडे स्पेन व बेल्जियम येथील राजकन्या शिकल्या, त्यामुळे श्रीमंतांचे साहसशिबिर ही टीका सहज सुचते. दुसरीकडे, देशोदेशींच्या राष्ट्रीय समित्या मुलाखती घेऊन विद्यार्थी निवडतात, अनेकांना शिष्यवृत्ती मिळते आणि त्यात निर्वासित मुलेही असतात. याहून गंभीर प्रश्न निराळा आहे. अमेरिकी विद्यापीठे प्रवेशासाठी उपक्रमांची यादी मागतात, आणि या कॉलेजांतील पुष्कळ विद्यार्थी तिकडेच जातात. अशा वेळी सेवा ही कोणाला तरी हवी आहे म्हणून होते की अर्जात लिहायची आहे म्हणून, हे सांगणे करणाऱ्यालाही कठीण व्हावे. किनाऱ्यावरील बचावकार्यात ही शंका उद्भवत नव्हती, कारण तेथे हाक आली की वर्ग सोडून पाण्यात जावेच लागे आणि नौका तयार नसेल तर त्याचे परिणाम तासाभरात दिसत. माहितीपत्रकातील बाकीच्या उपक्रमांना हीच कसोटी लावली, तर त्यांतील निम्मे तरी गळावेत.

सेंट डोनॅट्स येथील बचावनौका केंद्र सुमारे अर्ध्या शतकाच्या कामानंतर २०१३ मध्ये बंद झाले. अटलांटिक २१ च्या वंशातील, सुमारे ८.५ मीटर लांबीच्या 'अटलांटिक ८५' नौका मात्र ब्रिटन व आयर्लंडच्या किनाऱ्यांवर आजही कामावर आहेत.